गादीभोवतीचा लाल गोल

चिनात्सु : आई, कॉलेजातून गृहपाठ परत आला. सरांनी तुमच्या गादीभोवती लाल गोल काढलाय.

तोमिए : माझ्या गादीशी तुझ्या सरांचं काय काम?

चिनात्सु : भूकंपाचा विषय आहे ना. घराचा नकाशा काढायचा होता. कोण कुठे झोपतं, कुणावर काय पडेल.

तोमिए : सून साहित्य शिकतेय म्हणून मी नात सांभाळते. त्यात हे कुठून आलं? सेंदाईत राहून भूकंप शिकायला कॉलेजात जावं लागतं?

चिनात्सु : विज्ञानाचा एक विषय घ्यावाच लागतो. यात गणित नाही, म्हणून घेतला.

तोमिए : पळपुटी! बरं, लिहिलंय काय?

चिनात्सु : 'कपाट पडलं तर नेमकं या व्यक्तीवर. पलीकडे एवढी जागा असताना ही इथे का झोपते?'

तोमिए : सवय.

चिनात्सु : कसली सवय? नागी जन्मायच्या आधी तुम्ही खिडकीकडे झोपायचात.

तोमिए : तिथे वारा लागतो.

चिनात्सु : उन्हाळ्यातसुद्धा? हे बघा, कपाट, मग तुम्ही, मग नागी. तुम्ही मुद्दाम मध्ये झोपता.

तोमिए : हळू बोल. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा.

चिनात्सु : मग सांगा.

तोमिए : अगं, माझ्या पाठीवर अडेल ते. तेवढ्यात तू तिला ओढशील. एवढं गणित मलाही येतं.

चिनात्सु : आणि कपाट भिंतीला बांधायच्या लोखंडी पट्ट्या आणल्या होत्या, त्या?

तोमिए : आहेत तांदळाच्या डब्यामागे. मी जन्मले तेव्हा बाबांनी किरीचं झाड लावलं. लग्न ठरलं तेव्हा तोडून त्याचं हे कपाट केलं. खाचेत खाच बसवलीय, एक खिळा नाही कुठे. त्यात मी स्क्रू घालू?

चिनात्सु : नका घालू. आजपासून तुमच्या जागी मी झोपते.

तोमिए : वेडी का काय! तुझं लेकरू एवढंसं.

चिनात्सु : त्या लेकराला आजी नको?

(तोमिए उठून कपाटावरून हात फिरवते.)

तोमिए : आण त्या पट्ट्या.

चिनात्सु : खरंच?

तोमिए : आधी कपाटातले कपडे बाहेर काढ. आणि भोक मी पाडणार, तू नुसतं धर.

चिनात्सु : आई... कपाटाला भोक पाडलं म्हणून तुमचे बाबा रागावले असते का हो?

तोमिए : असते ना. मी कुठे झोपते ते कळलं असतं, तर.