सतरावा रकाना

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, बॉम्बशोधक पथकातले माझे सहकारी आणि ते रोज सुखरूप परतावेत म्हणून दाराकडे कान लावून बसणाऱ्या त्यांच्या घरच्या मंडळींनो,

माझ्या धाकट्या भावाने नऊ वर्षांत पहिल्यांदाच माझ्या भेटीला होकार दिला आहे. तुरुंगाधिकाऱ्यांनी आज दुपारी स्वतः फोन करून तसं सांगितलं. त्यामुळे लिहून आणलेलं निवृत्तीचं भाषण खिशातच राहू दे.

साहेबांनी माझ्या धैर्याचं कौतुक केलं, आभारी आहे. पण हातात गुच्छ आला तेव्हा त्याला गुंडाळलेली तार कुठे जाते ते मी आधी पाहिलं, हे पुढच्या रांगेने टिपलंच. हसू नका, तुमचीही हीच गत होणार आहे.

आपली पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. एकाने पुढे जायचं, बाकीच्यांनी दोरीमागे थांबायचं. वस्तू निकामी झाली की तुकडे टेबलावर मांडून अहवालाचे सतरा रकाने भरायचे. शेवटचा रकाना 'कारण'. तिथे आपण काय लिहितो? 'घातपात'. एकतीस वर्षांत मी दुसरा शब्द लिहिला नाही.

भाऊ रेडिओ दुरुस्त करायचा. तारेला पीळ द्यायला मीच शिकवलं होतं, दोन वेढे सरळ, एक उलटा. बाजारात पहिला स्फोट झाला आणि त्याच्या गल्लीतले चाळीस जण पोलिसांनी उचलले, त्यात तोही. अकरा दिवसांनी सोडला. चूक झाली, असं कुणी म्हणालं नाही. दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. एक दिवस तो माझ्या दारात आला.

"दादा, मी काय केलं होतं?"

"अरे, चौकशी असते ती. विसरून जा."

"एकदा वर्दीत येऊन दुकानात बस ना. लोक बघतील तरी."

"मला कामं आहेत रे."

मी गेलो नाही. दुसरे गेले. त्यांनी त्याचं ऐकून घेतलं आणि हळूहळू त्याच्या रागाला काम दिलं.

सहा वर्षांनी टपाल कचेरीत मी एक पिशवी उघडली, तर आत तो पीळ. दुसरी पिशवी आपल्याला सापडण्याआधीच फुटली होती. दोन माणसं गेली. पीळ कुणाचा ते मीच सांगितलं, साक्षही मीच दिली. शिक्षा योग्यच झाली. त्या अकरा दिवसांनी दोन मरणं माफ होत नाहीत. आईने एवढंच विचारलं, "तार ओळखलीस. तो दुकानात एकटा बसून असायचा, तेव्हा नाही दिसला?" त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. बोलेल म्हणून थांबलो, आणि ती गेली.

त्या अहवालातही सतराव्या रकान्यात मी 'घातपात' लिहिलं. कारण ठाऊक असलेल्या माणसाने.

आता नवी यंत्रं आली आहेत, तुम्ही माझ्याहून हुशार आहात. पण पिशवी सापडण्याआधीची सहा वर्षं कोण तपासणार? ते पथकाचं काम नाही, असं म्हणता येईल. मीही तसंच म्हणत आलो. मग ते कुणाचं?

घरी वाट पाहणारं कुणी नाही, म्हणून बोलणं लांबलं. कुणाला काही लागलं असेल, तर जाणाऱ्या माणसाचं म्हणून पोटात घाला. इतकी वर्षं दोरीमागे उभे राहिलात, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

भेट उद्या सकाळी दहाला आहे. वीस मिनिटं, मध्ये जाळी. तो आयत्या वेळी नाहीही म्हणेल, असं अधिकारी म्हणाले. आलाच, तर त्या अकरा दिवसांत काय झालं ते विचारणार आहे. आजवर मी ते त्याला विचारलेलं नाही.