बॉबीन कोण भरतं

माझं कुणी खरं मानेना. नवरा वारल्यावर त्याच्या मशिनीवर मी एकटीच वाकळा शिवायचे. रिकामी बॉबीन ठेवून बाजारात जावं, तर येईस्तोवर ती दोऱ्यानं भरलेली! शेजारची नरसव्वा म्हणाली, "एकटी ऱ्हाऊन डोकं फिरलंय तुजं."

एकदा लवकर परतले, तर मशिनीपाशी नरसव्वाची नवी सून.

"माहेरी हातमागासाठी दोऱ्याच्या कांड्या भरायचे, मावशी. हितं कुणी बोलत न्हाय माझ्याशी."

मग मी बॉबीन मुद्दाम रिकामी ठेवायचे आणि दुपारी घरीच थांबायचे.

एक दिवस नरसव्वा काठी घेऊन दारात. "बॉबीन माझी सूनच भरती न्हवं?"

"न्हाय. माझा मेलेला नवरा भरतो."

"घे की नाव त्याचं, मग खरं मानीन."

नवऱ्याचं नाव जन्मात तोंडी घेतलं नव्हतं. ओरडून सांगितलं, "मल्लाप्पा!"