पिवळी रेघ

काल संध्याकाळी नुकत्याच गोठलेल्या तळ्यावर मासळीचं जाळं काढायला गेलेला इस्साक अजून परतला नव्हता. गावकरी त्याला शोधत होते. त्यांच्या बॅटऱ्यांसाठी सेल घ्यायला त्याची बायको राव्दना उत्तर नॉर्वेतल्या कौतोकेइनो गावच्या दुकानात रांगेत उभी होती. पुढे शहरातून आलेल्या दोन बहिणी मोबाइलवर फोटो बघत होत्या.

“ताई, बघ ना, ध्रुवप्रकाशाने कालचं आकाश कसलं हिरवंगार आलंय!”

“आणि खाली तळ्यावर ही पिवळी रेघ कसली गं?”

“कोणीतरी दिवा हलवत होतं, त्याची रेघ उमटली.”

“एवढ्या कच्च्या बर्फावर? मग तू काय केलंस?”

“मला वाटलं, गंमत करतायत. मीही हात हलवला.”

“आणि नंतर?”

“नंतर दिवा दिसलाच नाही.”

राव्दनाने धाकटीचं मनगट धरलं.

“पोरी, तळ्याच्या कुठल्या बाजूला?”