उजवा गाल

“हॅलो? …हो, मीच. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेय.”

‘फुलं हाताळणारीला फुलं डसत नाहीत गं,’ हा आईचा फार जुना आवाज फुलवालीच्या कानात सकाळपासून घुमत होता. उजवा गाल नि मान लाल होऊन खाजू लागली, तेव्हा घरात सगळ्यांनी शेवंतीवरच खापर फोडलं होतं. म्हणून फुलांचं दुकान सोडून त्याची किल्ली उद्या शेजारच्या चहावाल्याला द्यायची ठरली होती.

“अहो, ऐका ना… कशाची ॲलर्जी ते कळायला पाठीवर लावलेल्या पट्ट्या काढून आज शेवटचं बघितलं. …नाही हो, दुखतंय कसलं? शाईनं आखलेले चौकोन नुसते. एकात नकली दागिन्यांतलं निकेल, एकात हातमोज्यांचं रबर, अत्तरं, क्रीम टिकवायची औषधं… आपली शेवंतीही होती. …तेच सांगतेय. शेवंतीचा चौकोन कोरा. …हो, हो, साफ कोरा.”

पलीकडे नवरा इतका हरखला, की किल्ली द्यायची नाही हे त्यानं पुन्हापुन्हा बजावलं.

“नाही देत… पण अहो, एक चौकोन पेटलाय. केसांचा काळा रंग. …मी? मी तर ही चांदी भर बाजारात मिरवते. डॉक्टरीणबाईही चक्रावल्या. मग म्हणाल्या, हात स्वच्छ नि एकच गाल लाल, म्हणजे त्या गालाला काय घासतं ते शोधा. शेजारी झोपणाऱ्याच्या केसांचा रंगही बाधतो म्हणे. …हॅलो? …आहात ना?”

नवरा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. पन्नाशी उलटून गेली तरी कावळ्यानं लाजावं असे केस.

“…तुमच्या घराण्यात केस पिकत नाहीत, ठाऊक आहे मला. पण उशी एकच ना आपली… काय? …जरा मोठ्यानं. …किती वर्षं? …अगंबाई! न्हाव्याकडे जाऊन? …पण का?”

ती ऐकत राहिली. पिकली डोकी बँडमास्तर आधी मागच्या रांगेत सारतो, मग हळूच घरी बसवतो, हे त्यानं तिला कधीच सांगितलं नव्हतं.

“…भीती वाटते? …अहो, मग बोलायचं ना. …नाही, हसत नाहीये. मलाही वाटत होती. …दुकानाची. जाऊ दे, जाऊ दे म्हणत होते ना मी? खोटं होतं ते. दुकान गेलं असतं तर सकाळी उठून कुठं जायचं, हेच मला कळत नव्हतं. …हो. …या लवकर. ठेवते.”