कट म्हटल्यानंतरचं हसू

(एडिटिंगची खोली. भाऊ दिग्दर्शक, बहीण एडिटर. पडद्यावर शाळेच्या स्टेजवरची एक मुलगी थांबलेली.)

भाऊ : स्वेटर कुठाय?

बहीण : कापला.

भाऊ : अगं, सिनेमाचा प्राण आहे तो! बहीण भाषण विसरते, घाबरून फ्रॉक ओला करते, सगळी शाळा फिदीफिदी हसते, आणि भाऊ धावत येऊन स्वतःचा स्वेटर तिच्या कमरेला बांधतो.

बहीण : कुठला भाऊ?

भाऊ : सिनेमातला.

बहीण : पोस्टरवर तर ‘दिग्दर्शकाच्या लहानपणाची खरी गोष्ट’ छापलंयस.

भाऊ : दहा-बारा वर्षांच्या पोरांसाठी करतोय मी. त्यांना हीरो लागतो. (बहीण चित्र पुढे चालवते.) आणि हे काय? माझा हीरो दात काढतोय! असा शॉट मी घेतलेलाच नाही.

बहीण : घेतलायस. तू ‘कट’ म्हणालास, पण कॅमेरा चालूच राहिला. तू काहीतरी चावट बोललास आणि पोरगा खदाखदा हसला. नऊ सेकंद. मला तेवढी पुष्कळ झाली.

भाऊ : डूख धरलास तू.

बहीण : धरलाच. तीस वर्षं झाली. ‘गळकी टाकी’ हे नाव कुणी ठेवलं रे? शाळा सुटेपर्यंत मी पाण्याचा घोट घ्यायचे नाही, उन्हाळ्यातसुद्धा.

भाऊ : पोरवय होतं गं!

बहीण : त्याच वयाच्या पोरांसाठी काढतोयस ना सिनेमा? काल साठ जणांना हाच दाखवला. तुझा हीरो हसला तेव्हा एकही पोर हसलं नाही. मागून एक मुलगी ओरडली, ‘नालायक आहे हा!’ काय गार वाटलं म्हणून सांगू!

भाऊ : मला न विचारता? थांब, आत्ता निर्मात्यांना फोन लावतो.

बहीण : लाव की. ते शेजारीच बसले होते. म्हणाले, आता गोष्ट खरी वाटते. असाच लावायचा.

भाऊ : बरं, हसू राहू दे. पण शेवटी एकदा तरी स्वेटरचा शॉट घाल. आईसाठी.

बहीण : आईचा काय संबंध?

भाऊ : त्या दिवशी घरी तिनं विचारलं, तू तिथंच होतास ना, मग काय केलंस? मी म्हटलं, माझा स्वेटर दिला. अजून सांगत असते ती सगळ्यांना.

बहीण : मलासुद्धा सांगते. ‘असा भाऊ मिळायला नशीब लागतं.’

भाऊ : तू कधी खरं बोलली नाहीस?

बहीण : बोलले होते, त्याच संध्याकाळी. दादावर आळ घेतेस म्हणून थोबाडीत बसली.

भाऊ : मग आता सांगणार आहेस?

बहीण : छे. मी कशाला तोंड उघडू? पहिल्या खेळाला तिला तुझ्या शेजारची खुर्ची दिलीय.