पानावर आडवा धरलेला हात

मंडळी, ऐका! एक साधा प्रश्न विचारतो. पंगतीत बसलाय तुम्ही. वाढपी बुंदीचं ताट घेऊन पुढं येतो. तुम्ही पानावर हात आडवा धरता आणि म्हणता — पुरे! आता सांगा, हे 'पुरे' म्हणतं कोण? तोंड? छे! तोंडावर सोपवलं तर पंगत उठायचीच नाही! मग तुमचा संयम? तुमची पुण्याई? आणि ज्याचा हात आडवा होतच नाही, त्याला पापी म्हणायचं का हो?

करा विचार. तोवर मी मथुराबाईंच्या घरी जाऊन येतो.

नदीकाठचं गाव. मथुराबाई शिवणकाम करायची. नवरा गेलेला, एकुलती एक लेक — वैजयंता. गावाची वैजू. ऐन लग्नाच्या वयात पोरीच्या डोक्यात गाठ निघाली, मेंदूच्या पार तळाशी! शहरात ऑपरेशन झालं. पोर वाचली! डॉक्टरीणबाई पुढं बरंच काही सांगत होत्या, पण 'वाचली' म्हटल्यावर आई पुढचं ऐकते होय? मथुराबाई पेढे आणायला पळाली.

घरी आल्यावर वैजू जेवायला लागली. आईला काय आनंद! "खा बाई, मरणाच्या दारातून आलीस!" स्वतः आग्रह करून वाढायची. पण महिने गेले आणि पोरीचं जेवण काही थांबेना. भाकरीची दुरडी रिकामी, लाडवांचा डबा रिकामा. एकदा तर मळून ठेवलेली कच्ची कणीक खाल्ली! अंग सुटलं. शेजारची हिराकाकी म्हणाली, "मथुरे, ही पोरगी आहे का कोठार?" आईनं मान खाली घातली. फडताळाला कुलूप लागलं आणि किल्ली कमरेला गेली.

मग आली दत्तजयंती. मथुराबाईनं सोवळ्यानं पुरणाच्या पोळ्या केल्या, नैवेद्याचं ताट देवापुढं ठेवलं आणि तुळशीचं पान आणायला अंगणात गेली. किती वेळ लागतो हो पान खुडायला? परत येते तर — ताट रिकामं! आणि देवापुढं वैजू बसलेली. तोंडात घास. डोळ्यांतून धारा. रडत होती, आणि चावत होती!

मथुराबाईनं तिच्या हातावर फटका मारला. "देवाच्या तोंडचा घास काढलास? लाज नाही वाटत?"

वैजू काय म्हणाली ऐका. म्हणाली, "वाटते गं आई. लाज वाटते म्हणून तर रडतेय. पण भूकही लागलीय. दोन्ही एकदम."

मंडळी, हे वाक्य आईच्या काळजात रुतलं. हिराकाकीचा सल्ला तयारच होता — "हिच्या अंगात कोणीतरी शिरलंय, देवऋषी बघ!" पण मथुराबाई लेकीला घेऊन शहरात गेली, त्याच डॉक्टरीणबाईंकडे. म्हणाली, "बाई, हिला हावरटपणावर औषध द्या."

त्यांनी वैजूला तपासलं. मग म्हणाल्या, "मथुराबाई, पोट रिकामं झालं की ते रक्तातून मेंदूला निरोप धाडतं, वाढा! घ्रेलिन म्हणतात त्याला. अन्न पडलं की आतडी कळवतात, आता बास. अंगावरची चरबीसुद्धा सांगते, घरात साठा आहे, काळजी नको. ते लेप्टिन."

आता बघा! आपण चरबीला नावं ठेवतो, आणि ती बिचारी आतून पत्रं लिहीत बसलीय!

"हे सगळे निरोप मेंदूच्या तळाशी, बदामाएवढ्या जागेत पोचतात. तिथं काही पेशी 'वाढा' म्हणतात, काही 'पुरे' म्हणतात. वैजूची गाठ नेमकी तिथंच होती. गाठ गेली, पण जाताना त्या जागेला इजा करून गेली. निरोप अजून येतात, पण घेणारं कोणी उरलेलं नाही."

मथुराबाईनं विचारलं, "म्हणजे माझी पोर हावरट नाही?"

"नाही. ती भुकेली आहे. पोट भरलेलं असतानाही भुकेली. औषधं देऊन बघू, थोडा गुण येईलही. पण तिच्या वतीनं 'पुरे' म्हणणारं माणूस लागेल. न रागावता म्हणणारं."

"मग कुलूप काढू का?"

उत्तर वैजूनंच दिलं. "राहू दे आई. मला मदतच होईल त्याची. फक्त मी चोर आहे म्हणून लावू नकोस."

त्या माउलीला रडू आवरेना! ज्या हाताला फटका मारला होता, तो हात तिनं घरी येईपर्यंत सोडला नाही.

पुढं गावात भंडारा झाला. पंगत बसली. वैजू यायला तयार नव्हती, आईच घेऊन आली आणि शेजारी बसली. सगळ्यांचे डोळे वैजूच्या पानावर! दामूअण्णा वाढायला. एकदा बुंदी वाढून झाली, वैजूनं संपवली. दामूअण्णा पुन्हा आले आणि ओरडले, "अरे, हिला टोपलंच आणा रे!" पंगत हसली. तेवढ्यात मथुराबाईनं आपला हात लेकीच्या पानावर आडवा धरला.

"पुरे, अण्णा."

"अहो, पोरीला तोंड आहे की! तिला बोलू द्या!"

वैजूनं बुंदीकडं पाहिलं. मग आईच्या हाताकडं पाहिलं, सुया टोचून टोचून खरखरीत झालेल्या. म्हणाली, "अण्णा, माझं पोट भरलेलं नाही. ते आता कधीच भरायचं नाही. पण आई म्हणतेय ना — मग पुरे." आणि तिनं आईच्या हातावर आपला हात ठेवला.

दामूअण्णा बुंदीचं ताट घेऊन पुढच्या पानाकडं वळले.

मंडळी, आपण 'पुरे' म्हणतो आणि मनात म्हणतो, काय माझा संयम! अहो, बदामाएवढी एक जागा शाबूत आहे म्हणून तुमचा हात आडवा होतो! ती देवानं दिली, तुम्ही कमावली नाही. तिचा गर्व कसला करता? त्या पोरीनं आत कोणी सांगत नसताना 'पुरे' म्हटलं. संयम त्याला म्हणतात! आणि आपल्याला आतून स्पष्ट ऐकू येतं, तरी आपण म्हणतो — वाढा अजून! आता हावरट कोणाला म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

बाहेर पानं मांडलीत. नाम घ्या आणि जेवायला बसा. शेजारच्याच्या पानात किती वाढलंय ते मोजू नका. बघायचंच असेल तर एवढंच बघा, त्याच्यासाठी हात आडवा धरणारं कोणी जवळ आहे का? नसेल, तर जरा सरकून त्याच्या शेजारी बसा.