दोन जीप पाणी

जव्हारच्या स्टँडवर मोखाड्याची जीप एका माणसासाठी अडली होती. माझ्या मागच्या सीटवर विज्ञानाच्या फेरपरीक्षेला निघालेली योगिता, तिची मामेबहीण निशा, आणि मांडीवर कोंबडी घेतलेली गौराबाई. कोंबडी डोळे मिटून सगळं ऐकत होती.

"हायड्रोजनचे दोन अणू, ऑक्सिजनचे दोन. ह्यांचं पाणी कर."

"पाण्याला ऑक्सिजन एकच लागतो, निशाताई. दुसरा उरला."

"उरू द्यायचा नाही. जेवढे चढले तेवढे उतरले पाहिजेत."

"मग त्यालाही कोंबते पाण्यातच."

"हेच करून नापास झालीस. तसं कोंबलं की पाणी राहत नाही, जखम धुवायचं औषध होतं."

"रूपेश, काढ की गाडी. पोरीचा पेपर हाय," गौराबाईनं ड्रायव्हरला हाक दिली.

"एक सीट भरू दे, गौराआजी. हे बघ, दोघं आले. दादा, जागा एकाचीच आहे."

"आम्ही भाऊ-भाऊ. जाऊ तर दोघं."

"निशाताई, हे तर ऑक्सिजनच. जोडीशिवाय हलत नाहीत."

"मग काय करशील?"

"एक इथं बसवीन. दुसऱ्याला दुसरी जीप. आणि तिच्यात आपल्यासारखे आणखी दोन हायड्रोजन."

"म्हणजे पाणी किती झालं?"

"दोन."

"आलं गं तुला."

"दुसरी जीप दुपारशिवाय नाही," रूपेश म्हणाला. "धाकल्या, तू मागं फळीवर उभा राहा."

जीप निघाली.

"आजी, असं केलं की पाणी राहत नाही."

"नको राहू दे. पोचशील तरी. पेपरात मात्र दोन जीप लिही, बाय."